भाऊंच्या घरची घंटा

अध्यक्षसाहेब, संचालक मंडळी, गावोगावाहून आलेले बागायतदार, ऑफिसातले माझे सोबती, आणि वहिनी.

वहिनी, तुम्हाला शेवटी हाक मारली, पण मी बोलणार आहे ते तुमच्याशी. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल. खरं तर ऐकायलाच हवं.

मला बोलता येत नाही असं म्हटलं तर इथली निम्मी माणसं हसतील. ऑफिसात माझ्याइतकं तोंड कुणाचं चालत नाही. भाऊ म्हणायचे, "बाय, तुला जहाजावर नेली असती तर भोंग्याची गरज पडली नसती." पण आज माझं नाव पुकारलं तेव्हा वाटलं, आजारी आहे सांगावं आणि घरी जावं. नाही गेले. गेले असते तर परत तुमच्यासमोर कधी उभी राहू शकले नसते.

जे लांबून आलेत त्यांच्यासाठी सांगते. मी अनुराधा. देवरूखची. मुंबईत कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि आपल्या आंबा बागायतदार संघात लागले, इथं रत्नागिरीत, कॉम्प्युटर खोलीत. त्या खोलीचे इन्चार्ज होते आपले भाऊ, वसंतराव तोडणकर. मी त्यांच्या हाताखाली. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी, त्याच खोलीत त्यांच्या छातीत कळ आली. आम्ही इस्पितळात नेलं. संध्याकाळपर्यंत भाऊ राहिले नाहीत.

आत्ता अध्यक्षसाहेब बोलले. फार चांगलं बोलले. म्हणाले, हंगामाच्या ऐन शेवटी मशीन बंद पडायच्या बेतात होतं, घंटा वाजली, भाऊ भरल्या ताटावरून उठून धावत आले, मशीन वाचवलं आणि प्राण सोडला. म्हणाले, संघासाठी देह ठेवणारा माणूस. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मी खाली बघत होते. का बघत होते, ते सांगायला मला थोडं मागं जावं लागेल.

भाऊ बुरोंडीचे. आयुष्य जहाजावर गेलं. इलेक्ट्रिशियन म्हणून लागले, पुढं इंजिन रूममधल्या सगळ्या विजेच्या कामाची जबाबदारी त्यांच्याकडं होती. दर्याला कंटाळून घरी आले, तेव्हा संघात नुकता कॉम्प्युटर आला होता आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. आठवतं ना तुम्हाला? आता माणसं काढणार, ही पेटी आपल्या पोटावर पाय देणार, म्हणून तुम्ही दारात उभे राहून त्याच्याकडं बघायचात. भाऊ आले, मशीनच्या मागं गेले, वायरी बघितल्या आणि म्हणाले, "हा काय करणार कोणाचा? ह्याला साधी हवा खेळती लागते." त्या दिवसापासून खोली त्यांची झाली.

आता ते गेले म्हणून मी त्यांना देव करणार नाही. तापट होते. कॅरममध्ये चक्क खोटं खेळायचे आणि पकडलं की चिडायचे. परदेशातल्या बंदरांच्या ज्या गोष्टी सांगायचे, त्यातल्या निम्म्या तर वहिनी, तुम्हीसुद्धा कधी खऱ्या मानल्या नाहीत. आणि माझ्या प्रोग्रामात चूक सापडली की सगळ्या ऑफिसाला ऐकू जाईल असं बोलायचे. मी पण ऐकून घ्यायची नाही. आमची भांडणं तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहेत. पण दुपारी डबा मी त्यांच्याच घरी खायची. वहिनी माशाच्या कालवणाची वाटी माझ्यासाठी आधी काढून ठेवायच्या. हे मी मुद्दाम सांगतेय.

तर एका हंगामात काय झालं, ते बागायतदारांना सांगायला नको. वाशीला जायच्या गाड्या भरून उभ्या, पेट्यांची नोंद झाल्याशिवाय चलान निघत नाही, आणि आपलं मशीन हळू होत होत थांबलं. मुंबईच्या कंपनीला ट्रंक कॉल लावला, तो लागेना. गाड्या उन्हात उभ्या. ताडपत्रीखाली आंबा पिकला. केवढा आरडाओरडा झाला होता आठवा. एका म्हाताऱ्या बागायतदाराने तर माझ्या टेबलावर आंबा ठेवला आणि म्हणाला, "पोरी, हा आता तूच खा."

त्या दिवशी भाऊंनी मला एकच प्रश्न विचारला. "बाय, मशीन आजारी पडतो तेव्हा आधी कोणाला कळतं?"

मी म्हटलं, "कुणालाच नाही. बंद पडल्यावर कळतं."

"मग तो काय इलाज? जहाजावर तेल तापायला लागला की इंजिन थांबायच्या आधी घंटा वाजते."

तिथून सगळं सुरू झालं. कंपनीकडं मशीनवर लक्ष ठेवणारा एक प्रोग्राम होता. आम्ही त्याची टेप मागवली आणि मी तो बसवला. तुम्हाला समजेल असं सांगते. डॉक्टर नाडी धरून बसतो ना, तसा तो प्रोग्राम सारखा मशीनची नाडी धरून बसतो. मशीनवर कामाचा भार किती आहे, खालच्या टेबलांवर पडदा-बटणांची जी टर्मिनलं आहेत, तिथं बसलेल्या माणसाने बटण दाबल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो, डिस्कवर जागा किती उरली, हे सगळं तो एका वेगळ्या पडद्यावर दाखवत राहतो. उत्तर यायला फार उशीर होऊ लागला की समजायचं, मशीनला दम लागतोय. मग सगळ्यांना हात आखडता घ्यायला सांगायचं, एखादं मोठं काम थांबवायचं, म्हणजे मशीन सावरतं.

किती उशीर झाला की धोका समजायचा, यावर आमचं मोठं भांडण झालं. मी म्हणत होते, मर्यादा सैल ठेवा, नाहीतर तो उगाच ओरडत बसेल. भाऊ ऐकेनात. "उगाच ओरडला तर आपले पाय दुखतील. नाय ओरडला तर लोकांचा आंबा जाईल." शेवटी त्यांच्या मनासारखी मर्यादा ठेवली. कडक. आकडा त्यांनी सांगितला, पण टाकला मी. माझ्या हाताने.

मग घंटेचं निघालं. त्यांचं घर संघाच्या आवाराला लागून, कुंपणापलीकडं. ते म्हणाले, पडद्याकडं चोवीस तास कोण बघणार? जहाजावर इंजिन रूममध्ये माणूस नसला तर घंटा इंजिनियरच्या केबिनमध्ये वाजते. तशी माझ्या घरात वाजू दे. आणि स्वतः माडांवरून वायर ओढली. जहाजावरून आणलेली एक पितळी विजेची घंटा त्यांच्या पेटीत होती, ती स्वयंपाकघराच्या दारावर बसवली. मी मशीनकडून त्या वायरीला इशारा जाईल अशी सोय केली. पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा वहिनींच्या हातातून दुधाचं पातेलं पडलं. वहिनी, तुम्ही मला किती बोलला होतात तेव्हा. "तुमच्या मशीनला घर नाही काय, माझ्या घरात कशाला घुसवताय?" भाऊ हसत बसले होते.

आणि घंटेचा उपयोग झाला, हे मला सांगायलाच हवं. पुढच्या हंगामात एकही गाडी उभी राहिली नाही. मशीनला दम लागायचा, घंटा वाजायची, भाऊ यायचे, जिना चढायचे, पडदा बघायचे, आणि खाली टेबलांकडं ओरडायचे, "मोठा काम कोणी लावल्यान? थांबव आधी." थांबलं की सुरळीत. ऊन असो, पाऊस असो. ताटावरून उठून यायचे. पूजेतून उठून यायचे.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. आता जे सांगते, ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच काही जणांनी आत्ता माना खाली घातल्या.

आपल्याकडं एक मोठी बेरीज आहे. हंगाम सुरू झाल्यापासून आजपर्यंत प्रत्येक बागायतदाराच्या किती पेट्या आल्या, त्याची. एका टर्मिनलवर ती बेरीज लावली तर मशीन थोडं जड होतं. एकाच वेळी दोन टर्मिनलांवर लावली की त्याला दम लागतो. म्हणजे घंटा वाजते. हे एकदा चुकून झालं आणि भाऊ आले. त्याच वेळी प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, तोही त्यांनी सोडवून दिला.

तेव्हा एका शहाण्याच्या लक्षात आलं. शिपायाला भाऊंकडं पाठवलं तर भाऊ म्हणतात, "चहा घेऊन येतो." घंटा वाजली तर लगेच येतात. कुणाच्या लक्षात आलं, ते मला माहीत आहे. ते इथं बसलेत. नाव घेणार नाही. कारण त्यांच्यानंतर सगळ्यांनीच ते केलं. "दोन बेरजा लाव रे" हे ऑफिसातलं वाक्य झालं होतं. कागद अडकला, लाव दोन बेरजा. रिबन सुकली, लाव दोन बेरजा. पंखा फिरत नाही, कपाटाची किल्ली सापडत नाही, लाव. एकदा जेवणाच्या सुट्टीत कॅरमला चौथा गडी हवा होता म्हणूनसुद्धा दोन बेरजा लावल्या. आणि भाऊ आले. आणि खेळले.

हसू आलं ना कुणाला तरी? मलाही यायचं. मी त्याच खोलीत बसायची. पडद्यावर मला दिसायचं, दोन्ही टर्मिनलांवर तीच बेरीज. मी काय केलं? गालातल्या गालात हसले. पडद्यासमोर बसून मी गंमत बघत होते. मशीनला किती दम लागतोय, ते मी दिवसभर बघायची. जिना चढून येणाऱ्या माणसाला किती लागतोय, ते माझ्या समोर असून मी बघितलं नाही.

भाऊंना कळलं नव्हतं काय? पहिल्याच आठवड्यात कळलं. ते आले, पडदा बघितला, माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. म्हणाले, "बरा आहे. धंदा सुरू झालाय." आणि खाली जाऊन पंखा दुरुस्त करून दिला. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुम्हाला माहितेय ना घंटा खोटी आहे? मग येता कशाला?"

त्यांनी दिलेलं उत्तर मी आज तसंच सांगते. "केबिनमध्ये पडून घंटा खरी की खोटी ते ठरवायचा नसतो, बाय. जाऊन बघायचा. मग ठरवायचा."

आपण त्यांच्या याच सवयीचा फायदा घेतला. आणखी काही नाही. आळशी माणसाला असं कुणी बोलावत नाही, कारण तो येतच नाही. जो नक्की येणार, त्यालाच आपण सतरांदा बोलावतो. आपण सगळी चांगली माणसं आहोत. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच मला जास्त लागतंय.

यंदाच्या हंगामात जिना चढून आले की ते खुर्ची धरून उभे राहायचे. मग म्हणायचे, "वारा पडलाय आज." मी म्हणायची, हो, उकडतंय फार. एकदा त्यांनी मला विचारलं, "जहाजावर वॉचची पाळी संपली की बदलीचा माणूस येतो. तुझ्या खोलीवर एक घंटा लावूया काय? एक आठवडा तू, एक आठवडा मी." मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "घरमालकीण मला बाहेर काढील, भाऊ." ते हसले. पुन्हा विचारलं नाही. घरमालकिणीला मी विचारलंसुद्धा नव्हतं. मला माझा रविवार हवा होता. सुट्टीला देवरूखला जायचं असायचं, आईच्या हातचं खायचं असायचं. एवढंच कारण होतं.

मग एके दिवशी जेवताना वहिनींनी मला हळूच सांगितलं. भाऊ हात धुवायला गेले होते. वहिनी म्हणाल्या, "अनू, घंटा जरा कमी वाजेल असं कर ना गो. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय. हे कुणाला सांगू देत नाहीत. घंटा वाजली की मी आडवी होऊन तरी किती अडवू?"

मी शब्द दिला. म्हटलं, करते वहिनी. आणि खरंच करायला घेतलं, एवढं माझ्या बाजूने सांगते. मर्यादा सैल करणं सोपं होतं, पण भाऊंनी लगेच ओळखलं असतं आणि भांडले असते. म्हणून मी बेरजेचाच प्रोग्राम नव्याने लिहायला घेतला. असा, की दोन काय, चार टर्मिनलांवर लावला तरी मशीनला जड जाऊ नये. म्हणजे खोटी घंटा वाजवायची युक्तीच संपली. घंटा वाजेल ती फक्त खरीच. दिवसा वेळ मिळायचा नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी येऊन लिहीत होते. देवरूखला जाणं बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. भाऊंना तर नाहीच. मला त्यांना एकदम दाखवायचं होतं.

त्या रविवारी ते काम झालं.

आता नीट ऐका. त्या रविवारी ऑफिस बंद होतं. गाड्या शनिवारीच गेल्या होत्या. मशीनवर दुसरं कुणीही नव्हतं. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. ते धडधाकट होतं. मी एकटी खोलीत होते आणि मला इतका आनंद झाला होता की मला तो लगेच कुणाला तरी दाखवायचा होता. कुणाला तरी म्हणजे कुणाला, भाऊंनाच.

त्यांचं घर कुंपणापलीकडं. मी उतरून गेले असते. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पण बाहेर ऊन होतं. आणि मला वाटलं, आधी जुनी बेरीज दोन टर्मिनलांवर लावूया, घंटा वाजू दे, भाऊ धावत येतील, मग त्यांच्या समोर नवी लावून दाखवू, आणि म्हणू, बघा भाऊ, आता वाजवून दाखवा. मजा येईल.

उद्यापासून खोटी घंटा वाजणार नाही, हे दाखवायला मी खोटी घंटा वाजवली.

मी वाजवली, वहिनी. इतर दिवशी कुणी वाजवली ते जाऊ दे. त्या दिवशी मी.

ते आले. जिन्यावर त्यांचं पाऊल ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं, मध्ये मध्ये थांबत होतं. मी आत बसून तोंड दाबून हसत होते. आले, दारातूनच म्हणाले, "काय झाला गो?" मी म्हटलं, "काही नाही, भाऊ. गंमत दाखवते." त्यांनी पडदा बघितला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी माझ्या जागेवरूनच नवी बेरीज सगळ्या टर्मिनलांवर लावली. पडद्यावरचा भार जरासा वर गेला आणि खाली आला. घंटा नाही. काही नाही. मी सांगितलं, आता कुणीही कितीही बेरजा लावल्या तरी तुम्हाला यावं लागणार नाही. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता मी सुखानं जेवू काय?"

मी म्हटलं, जेवा ना भाऊ, आरामात जेवा.

ते खुर्चीत बसले. त्यांच्या शर्टाला पुढं घाम आला होता. उजव्या हाताला भात लागलेला तसाच होता, धुतलासुद्धा नव्हता. तो हात त्यांनी छातीवर ठेवला. बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

इस्पितळात लोक विचारत होते, काय झालं, कसं झालं. मी म्हटलं, घंटा वाजली, भाऊ आले. यात खोटं काही नव्हतं. पण पुढची गोष्ट लोकांनी आपणच जोडली. मशीनमध्ये बिघाड असणार, गाड्या अडणार असणार, भाऊंनी वाचवलं असणार. जो तो थोडं थोडं घालत गेला. मी खोडून काढलं नाही. आणि तेराव्याच्या दिवशी वहिनी, तुम्ही मला आत बोलावून विचारलंत, "घंटा वाजली ती मोठ्या बिघाडाची होती ना गो, अनू?" मी म्हटलं, "हो."

ते "हो" मला झोपू देत नाही.

मला किती जणांना विचारावंसं वाटलं की सांगू की नको. मीच मला समजावत होते. वहिनींना बरं वाटतंय, वाटू दे. माणूस तर परत येणार नाही. खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे? माझ्याच जिवाला हलकं वाटावं म्हणून त्यांचा आधार काढून घ्यायचा काय? कदाचित मी आज चूकच करतेय.

पण परवा मी घरी आले, वहिनी. वायर काढायला आम्ही माणूस पाठवला होता, त्याला तुम्ही परत लावलंत, म्हणून विचारायला आले. बघते तर घंटा पुसून लख्ख केलेली. तिच्यावर अनंताचं फूल. तुम्ही म्हणालात, रोज वाहते. म्हणालात, "हिच्या हाकेला ते गेले, फुकट नाही गेले." आणि आत्ता अध्यक्षसाहेब म्हणाले, ती घंटा काचेच्या पेटीत घालून या सभागृहात ठेवणार. खाली भाऊंचं नाव.

मला ते सहन होणार नाही. माझ्या एका दुपारच्या गमतीला तुम्ही फूल वाहताय, वहिनी. ते फूल मी बघितलं आणि ठरवलं.

अध्यक्षसाहेब, तुमचा हेतू चांगला आहे. पण माझी विनंती आहे, पेटी करू नका. भाऊंचा फोटो लावा, जरूर लावा. त्याखाली खोटी गोष्ट लिहू नका. भाऊ मशीन वाचवायला गेले नाहीत. त्यांना बोलावलं म्हणून ते गेले. नेहमी जायचे तसे.

वहिनी, मी तुमची क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही. तुमच्या घरी जेवले, तुम्ही शब्द घेतलात, तो पाळायच्या नादात मी हे करून बसले आणि वर तुमच्या तोंडावर खोटं बोलले. तुम्ही मला जे म्हणाल ते...

नाही, नाही. त्यांना धरू नका.

ताई, तुम्ही बसा. त्यांना जायचं असेल तर जाऊ द्या. मधली खुर्ची बाजूला घ्या जरा, वाट द्या त्यांना. वहिनी, सावकाश. पायरी आहे तिथं.

कुणी मागे जाऊ नका. समजूत घालू नका. निदान आज तरी आपल्यापैकी कुणी त्यांच्या दारात उभं राहू नका.

गेल्या.

मंडळी, आता आपण उरलो. अध्यक्षसाहेब, तुम्हीसुद्धा. तुमच्या केबिनचा पंखा भाऊंनी कुठल्या घंटेवर येऊन दुरुस्त केला, ते तुम्हाला आठवत असेल. आता इथं बाहेरचं कुणी नाही. कुणी आंब्यासाठी, कुणी पंख्यासाठी, थोड्याफार फरकाने सगळ्यांनी भाऊंना त्या जिन्यावरून चढवलं आहे. म्हणून आपण उभे राहू या. मी वेळ सांगणार नाही. ज्याला ज्या वेळी बसावंसं वाटेल, त्याने त्या वेळी बसावं.

भाऊ, अनूचा नमस्कार.

उभे राहा.